‘सोडल्यावर’ म्हणजे ‘काढल्यावर’ नव्हे: दिल्लीतल्या एका ब्रँच मॅनेजरचा खटला

भोसरीतल्या एका टूल रूमचे, म्हणजे साचे बनवणाऱ्या वर्कशॉपचे, मालक एकदा नेमणूकपत्राचा मसुदा घेऊन माझ्या ऑफिसात आले. मसुदा इंटरनेटवरून उतरवलेला, अकरा पानी. घाईघाईत नावं बदललेली, पण नवव्या पानावर ‘कॅलिफोर्निया राज्याच्या कायद्यानुसार’ हे शब्द काढायचे राहून गेले होते. मालकांचा जीव मात्र एकाच कलमात अडकला होता: नोकरी सोडल्यावर तीन वर्षं महाराष्ट्रात असा धंदा करायचा नाही. त्यांचा डिझायनर हुशार होता, त्याच्या सासऱ्यांकडे पैसा होता आणि समोरच्याच गल्लीत एक गाळा भाड्याने निघाला होता. “वकीलसाहेब, एवढं कलम पक्कं करून द्या. बाकीची पानं फाडून टाकलीत तरी चालेल.”

असे पक्षकार आले की मी त्यांना सर्वोच्च न्यायालयाचा १९८० सालचा एक निकाल सांगतो. सुपरिंटेंडन्स कंपनी ऑफ इंडिया विरुद्ध कृष्ण मुरगई. कायद्याच्या विद्यार्थ्याला तो करार कायद्याच्या कलम २७ च्या धड्यात दोन ओळींत भेटतो: ‘नोकरीनंतरची बंधनं रद्दबातल.’ त्या दोन ओळी चुकीच्या नाहीत, पण अर्धवट आहेत. खटला मुळात निकाली निघाला तो एका क्रियापदावर.

कंपनी कलकत्त्याची. धंदा मालाच्या तपासणीचा. एका व्यापाऱ्याने दुसऱ्या गावच्या किंवा दुसऱ्या देशातल्या व्यापाऱ्याला माल विकला की दोघांचाही एकमेकांवर पूर्ण भरवसा नसतो. मग तिसरा माणूस लागतो. तो पोत्यात टोकदार नळी खुपसून नमुना काढतो, ओलावा पाहतो, काट्यावर वजन करतो आणि दाखला देतो. त्या दाखल्यावर पैसे सुटतात. अन्नधान्य आणि नगदी पिकांपासून पुढे कित्येक प्रकारच्या मालाचं हे काम ही कंपनी करत असे. सुमारे हजार माणसं पदरी होती. दर्जा तपासण्याच्या आमच्या स्वतःच्या पद्धती आहेत, त्या आणि आमची गिऱ्हाइकं ही आमची व्यापारी गुपितं आहेत, असा कंपनीचा दावा होता.

माझं वैयक्तिक मत विचाराल, तर या धंद्यातलं खरं भांडवल प्रयोगशाळेत नसतं. ते मॅनेजरच्या टेलिफोन डायरीत असतं. कोणता निर्यातदार कुणाला बोलावतो, कुणाच्या सहीवर कुणाचा विश्वास आहे, हे ज्याला ठाऊक तो उद्या भाड्याच्या खोलीत टेबल टाकूनही काम मिळवू शकतो. कंपनीलाही हे कळत असणार. म्हणून तर २७ मार्च १९७१ रोजी दिल्ली शाखेसाठी मॅनेजर नेमताना त्याच्या नेमणूकपत्रात दहावं कलम घातलं गेलं. मूळ इंग्रजीतल्या त्या कलमाचा आशय असा: तुम्ही कंपनी सोडल्यावर दोन वर्षं, तुमच्या शेवटच्या नेमणुकीच्या ठिकाणी, आमच्या प्रतिस्पर्ध्याकडे नोकरी करायची नाही आणि याच प्रकारचा स्वतःचा धंदाही प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष करायचा नाही.

कलम तसं माफक आहे. मुदत दोन वर्षांची, जागा फक्त शेवटच्या पोस्टिंगची. माझ्या टूल रूमवाल्यांचं ‘तीन वर्षं, अख्खा महाराष्ट्र’ याच्या पुढे हावरटच म्हणायला हवं.

साडेसात वर्षांहून जास्त काळ नोकरी चालली. २४ नोव्हेंबर १९७८ रोजी कंपनीने मॅनेजरला पत्र दिलं: २७ डिसेंबरपासून तुमची सेवा समाप्त. राजीनामा नाही, दुसरीकडून ऑफर नाही, कंपनीनेच काढलं.

त्याने मग दिल्लीतच स्वतःचं दुकान थाटलं, त्याच कामाचं. नाव ठेवलं ‘सुपरिंटेंडन्स अँड सर्व्हेलन्स इन्स्पेक्टोरेट ऑफ इंडिया’. नावातला खोडसाळपणा नजरेत भरतो. पण सारख्या नावाने गिऱ्हाइकाची फसगत होते का, हा वाद वेगळ्या वाटेने लढायचा असतो. इथे तो निकालाचा मुद्दा झाला नाही.

कंपनीने एप्रिल १९७९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावला. दहाव्या कलमाचा भंग झाला म्हणून ५५,००० रुपये नुकसानभरपाई आणि दोन वर्षांची मुदत संपेपर्यंत, म्हणजे २७ डिसेंबर १९८० पर्यंत, मनाई हुकूम. एकल न्यायाधीशांनी तात्पुरता मनाई हुकूम दिला. मॅनेजर अपिलात गेला. १९८० च्या सुरुवातीला खंडपीठाने तो हुकूम उठवला. आता कंपनी सर्वोच्च न्यायालयात.

या वादांत एक गोष्ट वकिलांना कळते आणि पक्षकारांना उशिरा कळते: घड्याळ. बंधन दोनच वर्षांचं, त्यामुळे दाव्याचा अंतिम निकाल लागेपर्यंत मुदत संपून गेलेली असते. खरी लढाई तात्पुरत्या मनाईचीच. ती मिळाली तर नवा धंदा अंकुर फुटायच्या आत वाळतो. नाही मिळाली तर कंपनीच्या हातात उरतो तो कागद. ९ मे १९८० ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला तेव्हा चोवीस महिन्यांतले सोळा होऊन गेले होते.

निकालाकडे जाण्याआधी कायदा पाहू, कारण सगळ्यांचा गोंधळ इथेच होतो.

भारतीय करार कायदा १८७२ चा. त्याचं कलम २७ सरळ सांगतं: कुणालाही कायदेशीर पेशा, व्यापार किंवा धंदा करण्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल. ‘वाजवी’, ‘अवाजवी’ असे शब्द कलमात नाहीत. कलमातच अपवाद आहे एक: धंद्याचं गुडविल विकलं, तर विकणाऱ्याला ठरावीक हद्दीत तोच धंदा न करण्याचं बंधन घालता येतं, अट वाजवी असेल तर. ज्याने मिठाईच्या दुकानाचं नाव पैसे घेऊन विकलं त्याने शेजारी पुन्हा कढई चढवायची नाही, इतकं साधं. भागीदारांसाठी १९३२ च्या भागीदारी कायद्यात आणखी काही सवलती आहेत. नोकरासाठी असा अपवाद कुठेच नाही.

इंग्लंडमध्ये न्यायाधीश बंधन वाजवी आहे का ते तपासतात. १८९४ च्या नॉर्डेनफेल्ट खटल्यात तोफा-बंदुकांचा धंदा विकणाऱ्याला पंचवीस वर्षं जवळजवळ जगभर लागू असलेलं बंधन तिथल्या सर्वोच्च पीठाने मान्य केलं. पण तो विकणारा होता. १९१६ मध्ये अवजड माल उचलण्याच्या यंत्रांच्या एका इंजिनिअरवर सात वर्षांचं बंधन होतं, तेव्हा त्याच न्यायपीठाने ते मोडीत काढलं: नोकराने कामातून मिळवलेलं कसब त्याचं स्वतःचं असतं, मालकाच्या मालमत्तेत ते जमा होत नाही.

आपल्याकडे ही वाजवीपणाची चाळणीच लागू नाही, असं कलकत्ता उच्च न्यायालयाने १८७४ मध्येच सांगून टाकलं होतं. तांब्या-पितळेच्या धंद्यातल्या दोन कलकत्तेकरांची स्पर्धा इतकी वाढली, की एकाने दुसऱ्याला म्हटलं: तू या भागातला धंदा बंद कर, तू कारागिरांना दिलेली उचल मी भरून देतो. दुसऱ्याने धंदा बंद केला. पहिल्याने ९०० रुपये बुडवले. न्यायालयाने सांगितलं, करारच रद्दबातल आहे, तेव्हा पैसे मागता येणार नाहीत. बंधन एका मोहल्ल्यापुरतं आहे म्हणून ते वाचत नाही. बिचाऱ्याचा धंदाही गेला आणि उचलही.

आता या कलमाचा उगम. न्यूयॉर्कसाठी डेव्हिड डडली फील्ड यांनी दिवाणी संहितेचा जो मसुदा केला होता, त्यावरून आपल्याकडे ते आलं. त्याच फील्डचा मसुदा कॅलिफोर्नियाने त्याच १८७२ साली उचलला. म्हणून आजही अमेरिकेत नोकरीनंतरच्या अशा बंदीला सगळ्यात कडक नकार कॅलिफोर्नियाचा. माझ्या भोसरीच्या पाहुण्यांनी कलम उतरवलं होतं ते असं कलम जिथे मुळीच चालत नाही त्या राज्याचं नाव लावून. हे मी त्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी पोराने डाउनलोड केल्याचं सांगितलं.

मग कंपनीला आशा कशाची होती? कल्याणच्या एका खटल्याची.

सेंच्युरी स्पिनिंगचा कल्याणला रेयॉनचा कारखाना. टायरमध्ये घालायच्या धाग्याचं तंत्रज्ञान त्यांनी हॉलंड आणि जर्मनीतल्या कंपन्यांकडून मोबदला देऊन आणलं होतं आणि ते गुप्त ठेवायची हमी दिली होती. त्या विभागातल्या एका शिफ्ट सुपरवायझरशी पाच वर्षांचा करार होता: मुदतीआधी गेलास तर उरलेल्या काळात अशाच कारखान्यात काम करायचं नाही. प्रशिक्षण झालं आणि करारातली बरीच वर्षं बाकी असताना गडी कोट्याच्या राजस्थान रेयॉनला, महिना ५६० रुपयांवर. १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच्याविरुद्धचा मनाई हुकूम कायम केला. त्या निकालात ‘वाजवी’ हा शब्द येतो, बंधन फार कडक नाही ना याची चर्चा येते. सुपरिंटेंडन्स कंपनीचे वकील तोच धागा ओढत होते: आमचंही बंधन वाजवी आहे, दोनच वर्षं, एकच शहर.

पण कल्याणचा करार चालू होता. पाच वर्षं भरायची होती. सुपरवायझर मध्येच उठून गेला, म्हणून उरलेल्या मुदतीपुरता त्याला बांधला. दिल्लीच्या मॅनेजरचा करार कंपनीनेच संपवला होता. बंधन सुरू होणार होतं ते संपल्यानंतर. लग्न टिकून असताना ‘दुसरं लग्न करू नकोस’ असं सांगणं आणि घटस्फोट झाल्यावर तेच सांगणं यांत जेवढा फरक, तेवढा इथे आहे. (उपमा जरा भडक आहे, पण पक्षकारांना ती चटकन कळते.)

सर्वोच्च न्यायालयात तीन न्यायमूर्ती होते: उंटवालिया, तुळजापूरकर आणि ए. पी. सेन. मुंबई उच्च न्यायालयातून गेलेल्या तुळजापूरकरांनी स्वतःसाठी आणि उंटवालियांसाठी निकालपत्र लिहिलं. कलम २७ मध्ये वाजवीपणाची चाळणी बसते की नाही, या मोठ्या प्रश्नात ते शिरलेच नाहीत. त्यांनी म्हटलं, बंधन वैध आहे असं घटकाभर धरून चाललो, तरी आधी कलम लागू होतं का ते पाहू. कलमात शब्द आहेत ‘तुम्ही कंपनी सोडल्यावर’. इंग्रजीतलं ‘लीव्ह’. नोकराच्या बाबतीत या शब्दाचा साधा, व्याकरणाला धरून होणारा अर्थ म्हणजे आपखुशीने सोडून जाणं. या माणसाने सोडलं नाही, त्याला काढलं. कलम लागूच होत नाही. अपील फेटाळलं.

मराठीत हा मुद्दा समजवायला वकिलाला घाम गाळावा लागत नाही. आपल्याकडे त्याने नोकरी ‘सोडली’, त्याची नोकरी ‘सुटली’ आणि त्याला नोकरीवरून ‘काढलं’ ही तीन वेगळी दुःखं आहेत. सोयरिकीच्या बैठकीत मुलाची नोकरी ‘सुटली’ असं कुणी म्हटलं, की समोरचे हळूच विचारतातच, “सोडली, का...?” कंपनीला इंग्रजीतल्या एका क्रियापदात तिन्ही कोंबायची होती. न्यायालयाने एकच आत घेतलं.

यात नुसता शब्दच्छल नाही. मनाईची कलमं मालक लिहितो आणि नोकर सही करतो. अट जितकी जाचक, तितका तिचा अर्थ आखूड घ्यायचा, हा जुना दंडक आहे. आणि जरा विचार करा: कंपनीला हा माणूस नको होता. तरीही त्याने शिकलेल्या एकुलत्या कामातून, तो राहतो त्याच शहरात, दोन वर्षं पोट भरू नये असं ती म्हणत होती. न्यायमूर्तींनी हे इतक्या रोखठोक शब्दांत लिहिलेलं नाही. मी लिहितोय.

न्यायमूर्ती सेन निकालाशी सहमत होते, पण त्यांनी वेगळं मत लिहिलं आणि बंद ठेवलेलं दार उघडलं. कलम २७ चा उगम, फील्डचा मसुदा, कलकत्त्याचा जुना निकाल, १९५८ साली कायदा आयोगाने तेराव्या अहवालात वाजवी बंधनांना वाव देण्याची केलेली आणि संसदेने न उचललेली शिफारस, हे सगळं मांडून ते म्हणाले: कायद्याने दिलेल्या अपवादात बसत नाही ते बंधन रद्दबातल. ते अर्धं आहे की पूर्ण, वाजवी की अवाजवी, हे पाहायचंच नाही. संसदेला वाटलं तर कायदा बदलेल.

पुस्तकांत जे वाक्य छापतात ते या मताचं सार. नीट बोलायचं तर दोन न्यायमूर्तींनी हा प्रश्न उघडाच ठेवला होता. पण पुढे त्याच दिशेने गाडी गेली. २००६ मध्ये श्रीरामपूरच्या झहीर खानचा वाद मुंबई उच्च न्यायालयातून वर गेला. क्रिकेटपटूंची जाहिरात-कामं सांभाळणाऱ्या परसेप्ट डी-मार्क कंपनीशी त्याचा तीन वर्षांचा करार होता. मुदत संपल्यावरही दुसऱ्या कुणाची ऑफर आली तर आधी आम्हाला विचार, असं एक कलम त्यात होतं. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, करार चालू असतानाचं बंधन चालेल. संपल्यानंतरचं कलम २७ मध्ये अडकतं. आणि २०२५ मध्ये विजया बँकेच्या खटल्यात रेषेची दुसरी बाजू स्पष्ट झाली: तीन वर्षांआधी नोकरी सोडलीस तर दोन लाख भर, हा बाँड न्यायालयाने वैध ठरवला. तो माणसाला दुसरीकडे जाण्यापासून रोखत नव्हता. नोकरीच्या मुदतीपुरता होता आणि सरकारी बँकेला पुन्हा भरतीचा खर्च पडतो, हे न्यायालयाला पटलं.

आता पुन्हा त्या दिल्लीच्या मॅनेजरकडे. तो जिंकला म्हणून त्याला सगळं माफ होतं का? नाही. समजा, कंपनीने स्पर्धेच्या मागे न लागता वेगळ्या गोष्टी सिद्ध केल्या असत्या. समजा तो शाखेच्या गिऱ्हाइकांच्या फायलींच्या प्रती काढून घेऊन गेला असता. दिल्ली उच्च न्यायालयाने १९९५ मध्ये टपालाने माल विकणाऱ्या बर्लिंग्टन कंपनीच्या बाजूने नेमकं हेच सांगितलं: कष्टाने जमवलेली गिऱ्हाइकांची यादी कॉपीराइटच्या कक्षेत येते, जुन्या नोकराला ती वापरता येणार नाही. समजा नोकरीत असतानाच त्याने कंपनीच्या गिऱ्हाइकाचं काम हळूच आपल्या नावावर वळवलं असतं. नोकरी चालू आहे तोवर निष्ठेचं देणं असतं, त्यासाठी वेगळं कलमही लागत नाही. किंवा खरोखरच एखादी चाचणीची पद्धत गुप्त राखलेली असती आणि त्याने ती वापरली असती. या प्रत्येक ठिकाणी मनाई मिळण्याची शक्यता दहाव्या कलमापेक्षा कितीतरी जास्त. पण प्रत्येक ठिकाणी पुरावा हवा. कोणती फाइल, कोणत्या तारखेला, कोणतं गुपित. ‘त्याला सगळं माहीत आहे’ एवढं पुरत नाही. डोक्यातली माहिती आणि हाताचं वळण घेऊनच माणूस बाहेर पडतो.

टूल रूमवाल्यांना मी हेच विचारलं. तुमच्याकडे गुप्त काय आहे? ते विचारात पडले. मोल्ड गिऱ्हाइकाच्या ड्रॉइंगवर बनतात. ड्रॉइंग कुठे असतात? डिझायनरच्या लॅपटॉपवर. लॅपटॉप कंपनीचा? नाही, त्याचा स्वतःचा; त्यालाच तीन हजार भाडं देतो महिन्याला. कोटेशन कुठून जातं? त्याच्या व्हॉट्सॅपवरून. मी पेन खाली ठेवलं. तीन वर्षांच्या बंदीसाठी आलेल्या माणसाची तिजोरी आधीच त्या पोराच्या खांद्यावरच्या सॅकमध्ये होती.

मग आम्ही दोन तास बसलो. कंपनीचा कॉम्प्युटर, कंपनीचा ईमेल, ड्रॉइंगवर मालकीची नोंद, गुप्ततेचं कलम आणि ‘गुप्त’ म्हणजे नेमकं काय त्याची यादी. जर्मन सॉफ्टवेअरच्या ट्रेनिंगला पाठवायचं होतं, त्याच्या खर्चापुरता बाँड, दीड वर्षाचा, दर महिन्याला रक्कम उतरत जाणारा. नोटीस पिरियड तीन महिने. कॅलिफोर्निया काढून पुणे.

शेवटी ते तीन वर्षांच्या बंदीचं कलम उरलं. मी म्हटलं, हे टिकणार नाही, काढू या. त्यांनी चष्मा लावून ते पुन्हा वाचलं. “त्या दिल्लीवाल्यांचं ‘सोडल्यावर’मुळे गेलं ना? मग आपण ‘कोणत्याही कारणाने नोकरी संपल्यावर’ घालू.” मी सांगितलं, त्याने तुळजापूरकर टळतील, सेन टळणार नाहीत.

“राहू द्या हो,” ते म्हणाले. “कोर्टात नाही चाललं तरी घरी त्याच्या बायकोने वाचल्यावर चालेल.”